उजवीकडच्याने वाचायचं

पितळी वजन काट्याच्या तबकात ठेवून आकडा स्थिर व्हायची वाट बघत तो उभा होता, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. काम चालू असताना फोन बघायचा नाही हा त्याचा स्वतःचाच नियम. पण त्या दिवशी हात गेला खरा. निरोप होता 'गंजका नांगर' अशा टोपणनावाच्या माणसाचा, ज्याचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. 'माझ्याकडे सातबंदर खेळाची मूळ पेटी आहे, नियमांच्या पत्रकासकट. फोटो सोबत जोडलाय. कार्ड उजवीकडच्याने मोठ्याने वाचायचं, असा नियम त्यात नाही. ज्याने कार्ड उचललं त्याने ते मनात वाचायचं आणि लपवून ठेवायचं, असं साफ लिहिलंय. तुमच्या संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये हे दुसरंच कुठून आलं? तुमचा हेतू काय?' नियमाचं एक वेळ ठीक, पण तो शेवटचा प्रश्न त्याच्या घशात हाडकासारखा अडकला. हेतू! समोरचा दुकानदार त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. "काय साहेब, कमी भरतंय का?" त्याने विचारलं. "नाही, बरोबर आहे," तो म्हणाला. "मग तोंड असं का केलंत?" आता काय सांगणार कपाळ? शिक्का मारून, एकेक वजन पेटीतल्या खोबणीत बसवून तो बाहेर पडला, आणि दुकानदार मागे कुणाला तरी म्हणाला ते त्याला नीट ऐकू आलं, "या माणसाच्या मनात काहीतरी आहे बघ."

लोकांचे वजनकाटे तपासत हिंडायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. ज्याच्या दारात जावं त्याच्या कपाळाला आठी, हे ठरलेलं. काटा तपासायला आला म्हणजे संशय घ्यायलाच आला, असं दुकानदाराला वाटतं, आणि ते काही अगदीच खोटं नाही. संशय हा त्याच्या धंद्याचा भाग होता, आणि धंदा काही चपलांसारखा दारात काढून ठेवता येत नाही. भाजीवाल्याने हसून दोन लिंबं जास्त टाकली, की हा घरी येऊन बाकीची भाजी उलटीपालटी करून बघणार. कुणी स्तुती केली, की याचं काय काम अडलंय ते शोधणार. "तुला कुणी फुलं दिली ना, तरी तू आधी देठ मोजशील," बायको म्हणायची, आणि ती हे चिडून म्हणते की लाडाने, याचाही त्याला संशय होताच. आणि असा हा माणूस गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर जेवणापर्यंत फुकटात एक खेळ बांधत बसला होता. सातबंदर. पुठ्ठ्याचा पट, लाकडी जहाजं, मालाच्या सोंगट्या आणि कार्डांचा एक गठ्ठा. कार्डावर लिहिलं असेल तसं जहाज पुढे न्यायचं, मागे घ्यायचं, नाहीतर बुडवायचं. तो काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पेट्या माळ्यांवर गेल्या, भंगारात गेल्या. मग कुठल्या कुठल्या गावातली, लहानपणी हा खेळ खेळलेली आणि मोठेपणी विसरू न शकलेली काही खुळी माणसं इंटरनेटवर एकमेकांना सापडली, आणि खेळ संगणकावर जसाच्या तसा उभा करायचं ठरलं. बोलणारे पुष्कळ, करणारा हा एकटा. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. याने तर जीव लावला. मूळ पेटीतलं हिरवं जहाज जरा विटकं होतं, तर पडद्यावरही ते विटकंच. नव्या कार्डांची शाई चिकट असायची, त्यामुळे पहिल्या डावात कधीकधी दोन कार्डं एकदम उचलली जायची. तीही सोय, म्हणजे गैरसोय, त्याने करून ठेवली होती. मंडळींनी त्याचं नावच 'बरहुकूम' पाडलं होतं. कुणाचा वाद झाला, की दुसरा कुणीतरी म्हणायचा, बरहुकूमला विचारा, आणि वाद तिथे मिटायचा. कचेरीत एकदा एकाने विचारलं होतं, "जाहिराती घालतोस की काय त्यात? नाही? मग तुला मिळतं काय यातून?" तो म्हणाला होता, "जे होतं ते होतं तसं राहावं, एवढंच." ऐकणाऱ्याने डोळा मारला होता. त्याचं स्वतःचं तरी या उत्तराने पूर्ण समाधान होतं असं नाही, पण त्याला तपासायला कोण येणार होतं? आज आला होता.

आणि आला तो नेमका त्या नियमावर बोट ठेवून. त्याच्या सिम्युलेटरमध्ये कार्ड तुम्ही उचललंत, तरी ते उघडायचं तुमच्या उजवीकडच्या खेळाडूच्या पडद्यावर. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवायचं, मग 'वाचलं' हे बटण दाबायचं, तेव्हा कुठे तुमचं जहाज हलणार. यामुळे लोक खेळताना बोलायचे. कुणाचा आवाज घोगरा, कुणी नाटकात असल्यासारखं वाचणार, कुणाच्या मागे बाळ रडतंय. एक म्हातारे गृहस्थ नुसते वाचायला यायचे, त्यांना जिंकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग इतक्या वर्षांत कुणी कसं बोललं नाही? त्याचं उत्तरही आता हळूहळू त्या चर्चेत येऊ लागलं होतं. 'आमच्या घरी मनातच वाचायचे, पण मला वाटलं आमच्याच घरी चुकीचं खेळत असू,' एकाने लिहिलं. 'मलाही तसंच,' दुसऱ्याने लिहिलं. बरहुकूमने केलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून ही सगळी मंडळी आपापल्या लहानपणावर शंका घेऊन गप्प बसली होती! नियमांच्या पानावर सगळ्यात वर त्याने स्वतः लिहिलेलं वाक्य होतं, 'सर्व नियम मूळ पत्रकाप्रमाणे.' आता नांगर म्हणत होता, दाखवा मग पत्रक. रविवारपर्यंत दाखवा, नाहीतर तुमचा शब्द खोटा आहे असं आम्ही धरू.

आधी त्याने नांगरावरच संशय घेतला. तेच स्वाभाविक होतं. हा माणूस नवा, बोलतो फार, याला आपली जागा हवी असणार. फोटो मोठा करकरून त्याने पत्रकाची घडी बघितली, टाचणीभोवतीचा गंज बघितला, घडीत अक्षरं कुठे तुटतात ते बघितलं. अक्षरं बरोबर घडीतच तुटत होती. मग त्याला वाटलं, ही मागाहून काढलेली आवृत्ती असेल. पण खाली छापलेली खूण त्याच्या स्वतःच्या पेटीवर होती तीच. आता त्याच्या पेटीत पत्रक नव्हतं, हे खरं. आईने पेटी त्याच्या हवाली केली तेव्हाच ते नव्हतं. पण त्याची काय गरज होती? त्याने ते कानांनी ऐकलं होतं. पेटी घरी आली तेव्हा त्याला जेमतेम अक्षरओळख झालेली. बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, पत्रक गुडघ्यावर पसरलेलं, आणि बोट एकेका ओळीवरून सरकवत ते वाचत होते. "नियम तिसरा. कार्ड ज्याने उचललं, त्याच्या उजवीकडच्याने ते मोठ्याने वाचायचं." ते बोट, त्या बोटाचं वाकडं नख, खिडकीतून पटावर पडलेला उन्हाचा चौकोन आणि तो सरकला की पटही सरकवायची ताईची घाई, सगळं त्याला लख्ख दिसत होतं. कागदावर बोट ठेवून माणूस वाचतो तेव्हा तो कागदावरचंच वाचतो, यात शंका कसली घ्यायची? आयुष्यात ज्या एका माणसाचा काटा त्याने कधी तपासला नव्हता, ते बाबा. आणि बाबा तर आता नव्हतेच.

पत्रक घरात कुठेतरी असणार, आणि ते आईला ठाऊक असणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं. आई खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. "आई, त्या खेळाचं नियमांचं पत्रक होतं बघ. कुठे असेल?" त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिचा हात थांबला. क्षणभरच, पण काट्याचा आकडा जरा हलला तरी ज्याला दिसतो त्याला ते दिसलं. "कसलं पत्रक?" ती म्हणाली. "खेळाचं गं. बाबा वाचून दाखवायचे ते." "गेलं असेल कुठेतरी. बाबांनीच टाकलं असेल." "कधी टाकलं?" "मला काय ठाऊक? आणि हे काय, उलटतपासणी घेतोयस का माझी?" दाणे भांड्यात आणि सालं कागदावर टाकायची, तर तिने मूठभर दाणे सालांत टाकले. त्याने काही दाखवलं नाही, पण आत जाऊन तिची ट्रंक उघडली. शाली, बाबांचा पट्टा, ताईचं लग्नातलं काहीबाही. ती दारात येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली, आणि ट्रंक बंद करताना झाकण त्याच्याच बोटावर आपटलं. खेळाचं साधं पत्रक कुणी कशाला लपवेल? त्यात एवढं असतं काय? त्याला या विचाराचं हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आईचा त्याला जुनाच राग होता, कुणाला न सांगितलेला. शाळेत असताना तो गणिताच्या परीक्षेत सगळ्यांत पहिला आला होता आणि त्याचं नाव पेपरात छापून आलं होतं. बाबा कामावर, ताई शाळेत. धावत घरी येऊन त्याने तो पेपर आईच्या पुढे धरला होता. तिने पानावरून हात फिरवला, "छान आहे हो," म्हणाली, आणि पेपर घडी करून ठेवला. मग काही दिवसांनी साखर घ्यायला त्याने फळीवरचा डबा उचलला, तर खाली तेच पान अंथरलेलं, तेही उलटं, आणि डब्याच्या बुडाचा गोल वळ बरोबर त्याच्या नावावर उमटलेला. फळीला दुसरा कागद नव्हता का? ताईच्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो मात्र तिने भिंतीवर लावला होता. त्या दिवसापासून आईने काही प्रेमाने केलं, की तो आधी डब्याखाली काय आहे ते बघायचा.

जेवताना बायकोने नको तो विषय काढला. तीही सातबंदर खेळायची, मंडळींची चर्चा वाचायची. "काय रे, तुझ्यावर काय वाटेल ते लिहितायत. त्या उजवीकडच्या नियमावरून." आईने मान वर न करता विचारलं, "कुठला नियम?" बायकोने सांगितलं: तो नियम म्हणे मुळातच नाही, आता पत्रक दाखवा म्हणतायत, नाहीतर काढून टाका. "काढतील का?" आईने विचारलं. "मी काढू देणार नाही," तो म्हणाला, "पत्रक मिळालं की सगळ्यांची तोंडं बंद." आई ताट तसंच टाकून उठली. पोट जड झालंय म्हणाली. तिच्या पाठीकडे बघत त्याने मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही मागे फिरला नाही. आईने माझ्यापासून काहीतरी लपवलंय, मला तोंडघशी पाडणारं काहीतरी हिला माहीत आहे आणि ही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी एका किराणा दुकानाबाहेर, मालक यायची वाट बघत पायरीवर बसलेला असताना, लहानपणी चौघं खेळायला बसायचे ते घरातलं रिंगण त्याने पुन्हा मनात मांडलं. सिम्युलेटरमध्ये कुठे चूक झाली की तो असंच करायचा. एकेक पाळी सुटी करून बघायची. आईच्या उजवीकडे बाबा. बाबांच्या उजवीकडे ताई. ताईच्या उजवीकडे तो. त्याच्या उजवीकडे आई. जागा ठरलेल्या, कधी बदलल्या नाहीत. एकदा त्याने हट्ट धरला तर बाबा, जे कधी रागवायचे नाहीत, ते रागावले होते. म्हणजे आईचं कार्ड बाबा वाचणार, बाबांचं ताई, ताईचं तो, आणि त्याचं आई. त्याचं आई. त्याने आठवून बघितलं. आईच्या आवाजात आपलं एकही कार्ड त्याला आठवेना. "तूच वाच रे, तुझा आवाज कसा खणखणीत आहे." "तू वाच, माझे हात ओले आहेत." "तू वाच, मला आत दूध बघायचंय." आणि तो फुशारून स्वतःचं कार्ड स्वतः वाचायचा. चौघांच्या त्या रिंगणात नियम एका जागी कधीच पाळला गेला नव्हता, आणि ती जागा आईची होती. माझं कार्ड वाचायचासुद्धा तिला कंटाळा, हा पहिला विचार त्याच्या मनात आला; सवयीचा विचार, डब्याखालचा. पण मग, बाबांसारखा माणूस ज्या नियमासाठी रागावला, तो नियम आईला रोज मोडू कसा देत होता?

त्याने तिथूनच ताईला फोन लावला. ताई आधी नेहमीसारखी गोड बोलली, मुलांचं सांगितलं, मग त्याने पत्रकाचं विचारल्यावर म्हणाली, "मला नाही बाई आठवत." "ताई, तुला खोटं बोलता येत नाही. आई लपवतेय, तूही लपवतेयस. माझं नाव पणाला लागलंय इथे, लोक मला खोटारडा म्हणतायत." "मग म्हणू देत!" ताई एकदम ओरडली. मागे कुठलं तरी दार आपटून लावल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असणार. "ते पत्रक बाबांनी जाळलं. माझ्यादेखत जाळलं." "जाळलं? का?" "तू वाचायला लागला होतास म्हणून." त्याला काही कळेना. "तो नियम बाबांनी बनवलेला, स्वतःच्या मनाने. पत्रकावर बोट ठेवून त्यांनी जे तिथे नव्हतं ते वाचलं. मी मोठी होते, माझी नजर कागदावर गेली, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प बसले. आणि तू शहाणा, दिसेल ते वाचत सुटलेला, तुझ्या हाती पत्रक लागलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं. अरे, आईला वाचता येत नाही." रस्त्यावरून एक मोठी गाडी गेली. "सही येते. बाबांनी शिकवलेली, चित्रासारखी काढते. बाकी काही नाही. एकट्या तिच्यासाठी कुणी वाचलं असतं तर ते दिसलं असतं ना? म्हणून सगळ्यांनाच नियम. म्हणून जागा ठरलेल्या. तुझ्या उजवीकडे ती, तेवढं मात्र बाबांना टाळता आलं नाही." "मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं, आणि आपला आवाज लहान मुलासारखा झालाय हे त्याला कळलं. "तुला? खालच्या मजल्यावरच्या काकांनी दारावरची पाटी चुकीची लिहिली, तर तू जिनाभर हसत सगळ्यांना बोलावून दाखवली होतीस. त्या दिवशी तिने माझ्याकडून वचन घेतलं, याला कधी कळता कामा नये. बाकी कुणाला कळलं तरी चालेल, याला नाही." मग ताई रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आणि तिला आता कळू देऊ नकोस की तुला कळलंय. मला मारून टाकेल ती."

किराणा दुकानाचा मालक आला, याने काटा तपासला, शिक्का मारला. हातांना काम ठाऊक होतं म्हणून झालं. डोक्यात सगळं मागून पुढे उलगडत होतं. उलटं अंथरलेलं पान. अगं आई गं. तिला ते उलटं आहे हेच कळलं नव्हतं. त्याने धावत येऊन, धापा टाकत, तिच्यापुढे एक छापील पान धरलं होतं आणि बोटाने दाखवलंही नव्हतं, कारण स्वतःचं नाव आईला सापडेलच, त्यात दाखवायचं काय? ती पानावरून हात फिरवत होती ते काहीतरी शोधत होती. औषधाच्या पाकिटांना ती बांधायची त्या रंगीत दोऱ्या. नवीन रस्त्याने जायचं म्हटलं की दुखणारं तिचं डोकं. नेहमी दुसऱ्या खोलीत राहिलेला चष्मा. आख्ख्या जगाच्या काट्यावर संशय घेणारा माणूस, आणि घरातली एवढी मोठी गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली, कारण त्याने तिथे वेगळाच गुन्हा नोंदवून ठेवला होता. घरी गेल्यावर त्याने बायकोला बाजूला घेऊन, दार लावून, हळू आवाजात सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?" तो खाटेच्या कडेवर बसून राहिला, आणि त्याला पहिल्यांदाच असं वाटलं की लोक त्याच्याशी इतकी वर्षं चांगलं वागले ते खरोखरच चांगले होते म्हणून, आणि त्याला जे सांगितलं नाही ते मात्र त्याला घाबरून.

रविवार उजाडला. मंडळी वाट बघत होती. वडिलांनी बनवलेला घरचा नियम होता, माझा गैरसमज झाला, एवढं लिहिलं असतं तरी त्याचं नाव वाचलं असतं. त्याने तसं लिहिलंही. मग पुढचा प्रश्न आपोआप दिसला: वडिलांनी का बनवला? ही माणसं त्याच्याच जातकुळीची, कार्डाच्या शाईच्या चिकटपणावर दिवसचे दिवस वाद घालणारी. यांना एक 'का' मिळाला की ती तळ गाठल्याशिवाय सोडायची नाहीत. कुणीतरी म्हणेल, बहुतेक घरात कुणाला तरी वाचता येत नसेल. हसत म्हणेल. ते वाक्य आईला वाचता आलं नसतं, पण ते जगात कुठेतरी लिहिलेलं राहिलं असतं. त्याने सगळं पुसून दोनच ओळी लिहिल्या. 'नांगराचं बरोबर आहे. पत्रकात हा नियम नाही, तो मीच घातला, आज काढतोय.' पाठवलं. लगेच सुरू झालं. एकाने लिहिलं, मग आता बाकीचंही सगळं तपासावं लागेल. दुसऱ्याने लिहिलं, हिरव्या जहाजाचा विटका रंगसुद्धा याच्याच मनचा असेल. नांगराने, हे मात्र मानायला हवं, काही टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, यापुढे नियमांच्या किल्ल्या माझ्याकडे द्या, बरं पडेल. त्याने दिल्या. ते म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले, 'मी ज्यांचं ज्यांचं कार्ड वाचायचो त्यांना माझा नमस्कार,' आणि निघून गेले. बरहुकूम हे नाव आता कुणी घेत नव्हतं. त्याला वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं. पण त्या वाईटाच्या तळाशी एक स्वच्छ जागा होती. हेतू काय, असं नांगर विचारत होता. आपण एका बंद पडलेल्या कंपनीच्या पेटीची नक्कल करतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो इतकी वर्षं एका खोलीची नक्कल करत होता. तिथे कोण कुठे बसायचं, कुणी कुणासाठी वाचायचं, त्याची. ती नक्कल चोख होती. पेटीचीच तेवढी चुकली होती.

दुपारी आईनेच टॅबलेट आणून मध्ये ठेवला. सुट्टीच्या दिवशी तिघं खेळायचे, बायको, तो आणि आई. टॅबलेट या हातातून त्या हातात. "नियम काढलास म्हणे," ती बसता बसता म्हणाली. "हो. पत्रकात नव्हता." "मग आता?" "आता ज्याचं कार्ड त्याने बघायचं." "बरं," ती म्हणाली, आणि डाव सुरू झाला. तिच्या पाळीला बायको काहीतरी निमित्त काढून वाकायची, "अहो आई, दाखवा बघू काय आलंय," म्हणून सहज वाचून टाकायची. तिला ते किती सफाईने येत होतं ते तो आता बघत होता. आईचं जहाज त्या दिवशी चांगलं धावत होतं. सातव्या बंदराच्या अगदी दारात आलं, माल भरगच्च. आणि नेमकी बायको दाराशी कुणी आलं म्हणून उठली. आईने गठ्ठ्यावर बोट टेकवलं. कार्ड उलटलं. ती त्याकडे बघत राहिली. चष्मा वर सरकवला, खाली घेतला. दाराशी बायकोचं बोलणं काही संपेना. "अक्षर बारीक केलंस का रे?" आई म्हणाली. "आण इकडे," तो म्हणाला.

कार्डावर होतं: वादळ. जहाज बुडालं. सगळा माल सोडून पहिल्या बंदरावर परत जा. त्याने ते वाचलं, मनात, आणि मग आयुष्यात प्रथमच आकडा वेगळा सांगितला. "वारा अनुकूल," तो म्हणाला, "दोन घरं पुढे." छातीत कसलं तरी ऊबदार बरं वाटलं, बाबांना असंच वाटत असेल का? दोन घरं पुढे म्हणजे आई जिंकली होती. पण आईने जहाजाला हात लावला नाही. ती त्याच्याकडे बघत होती, सावकाश, एकेक रेघ वाचल्यासारखं. "मोडक्या डोलकाठीचं चित्र आहे त्यावर," ती म्हणाली. "मोडक्या डोलकाठीचं कार्ड पुढे कसं नेईल रे?" त्याने अंगठ्याने चित्र झाकलं. "ताईने सांगितलं ना तुला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." तिने टॅबलेट त्याच्या हातातून घेतला, बघितला, आणि पुन्हा त्याच्यासमोर धरला. "तुझे बाबा असेच वाचायचे. त्यांनी वाचलं की माझं जहाज कधी बुडायचंच नाही. मी काय खुळी होते? पण माणूस इतक्या मायेने खोटं वाचत असेल तर त्याला काय म्हणायचं? उभा जन्म मला कळलं नाही की कुठल्या कागदावर खरं काय लिहिलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला लहानपणापासून सगळे नावं ठेवायचे, काटेकोर आहे, कुणाची चूक पोटात घालत नाही. मला भीती वाटायची तुझी, खोटं कशाला बोलू. पण मनात यायचं, की कधी वेळ आलीच, तर हा एकटा मला लिहिलंय तेच वाचून दाखवेल." दाराशी बायकोचं बोलणं संपलं होतं, पण ती आत आली नव्हती.

"वाच," आई म्हणाली. "लिहिलंय तसं वाच."

त्याने वाचलं. वादळ. जहाज बुडालं. सगळा माल सोडून पहिल्या बंदरावर परत जा. मध्ये आवाज फुटला, तेवढा शब्द त्याने पुन्हा वाचला. आईने मान हलवली, जहाजावर बोट टेकवलं, आणि ते एकेक बंदर मागे घेत स्वतः पहिल्या बंदरावर नेऊन ठेवलं.